छान म्हणायचं नाही

हाक तोंडातून गेली आणि मगच तिला कळलं की ती आपलीच होती. चित्रापासून मागे सरत सरत ती दारापर्यंत आली होती, डोळे बारीक केलेले, मान जराशी कलती, ब्रशवर राखाडी रंग तसाच ओला. पाठीनेच तिने दार ढकललं आणि बाहेर तोंड काढून मोकळ्या आवाजात विचारलं, "कुणाकडे डोळे आहेत का?" बाहेर गच्ची होती. पाण्याची टाकी होती, वाळत घातलेली चादर होती, आणि कठड्यावर एक कबूतर होतं. त्याच्याकडे दोन होते, पण त्याने ते देऊ केले नाहीत. चादर जराशी फुगली आणि पुन्हा पडली. इतकी वर्षं या हाकेला कुठून ना कुठून 'आले', 'थांब जरा', 'माझेच गेलेत, दुसरीकडे बघ' असं काहीतरी परत यायचं, भिंतीवर चेंडू टाकावा आणि तो हातात यावा तसं. आज चेंडू गेला तो गेलाच. अंधारात अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं.

उत्तर आलं ते जिन्यावरून, धापा टाकत. खालच्या मजल्यावरच्या वहिनी हातात औषधाची इवलीशी बाटली घेऊन वर आल्या होत्या. "काय गेलं डोळ्यात? रंग गेला का? चोळू नका, अजिबात चोळू नका." तिने तोंड उघडलं, पण वहिनींनी तोवर तिला नव्या कोऱ्या स्टुलावर बसवून, हनुवटीला धरून, पापणी ओढून दोन्ही डोळ्यांत थेंब टाकलेसुद्धा. तिने टाकू दिले. आता यांना काय सांगायचं? की आमच्याकडे डोळे मागायची पद्धत आहे, तुम्ही वाटीभर साखर मागता तशी? औषध झोंबलं, पाणी गालांवरून ओघळायला लागलं, आणि त्या पाण्याच्या पडद्याआडून तिला दिसलं की वहिनी चित्रासमोर उभ्या राहून मान डोलावतायत. "तुमच्या ह्यांचा शर्ट ना? अगदी तस्साच. किती छान काढलाय हो." छान. तो शब्द तिच्या मानेवर गार थेंबासारखा पडला. वहिनी खाली गेल्या, जाताना वाटेत तिच्या नवऱ्याला सांगून गेल्या की वर तिच्या डोळ्यांत पाणी आहे, आणि मग जिन्यावर त्याची पावलं वाजली. त्याने उघड्याच दारावर टकटक केली. हातात चहा होता. ओल्या डोळ्यांनी बसलेल्या बायकोकडे त्याने पाहिलं, खोलीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की तिला खाली बघावं लागलं. "मला माहीत होतं," तो म्हणाला, "तुला एकदा भरून येणार. छान झालीय ना खोली?" चहा ठेवून तो पाय न वाजवता निघून गेला, तिचं काम मोडू नये म्हणून. जाताना एवढं मात्र म्हणाला, "दुपारी गाडी घेऊन येतो काट्यावर. उरलेलं सगळं एका खेपेत आणून टाकू."

काटा म्हणजे ती इमारत. फार पूर्वी तिथे वजनकाटे तयार व्हायचे, किराणा दुकानातल्या पितळी तराजूंपासून ते गाडीसकट पोती मोजणाऱ्या मोठ्या काट्यांपर्यंत. कारखाना बंद पडला, यंत्रं गेली, मालकाने खोल्या पाडून भाड्याने दिल्या, आणि ज्यांच्या कामाला घरातली माणसं कंटाळलेली असतात अशी सगळी माणसं हळूहळू तिथे गोळा झाली. नाव मात्र काटाच राहिलं. "ती काट्यावर गेलीय," असं नवरा फोनवर सांगायचा, आणि तिच्या नणंदेचा कितीतरी दिवस असा समज होता की वहिनी रोज सकाळी वजन करून यायला जाते. इतकं वजन करून हिचं उतरत कसं नाही, असं ती एकदा सगळ्यांदेखत म्हणाली होती. आणि आता काट्यावरची आपली खोली सोडायची की नाही, हे तिला आज सांगायचं होतं. म्हणजे सोडायचं ठरलेलंच होतं. घरात ठरलं होतं, मुलीच्या फोनवर ठरलं होतं ("आई, बाबांनी किती केलंय गं तुझ्यासाठी, तुला कल्पना आहे का"), ओल्या डोळ्यांनी आज तिने जणू त्यावर सहीच करून दिली होती. राहिलं होतं ते फक्त काट्यावर जाऊन तिथला कारभार बघणाऱ्या बाइंडरबाईच्या हातात किल्ली देणं. न वापरलेली खोली अडवून ठेवायची नाही हा तिथला नियम, आणि खोलीसाठी थांबलेली माणसं कायमची असतात.

तिने चित्र काखेत घेतलं आणि मग लक्षात आलं की ते ओलं आहे. अंगापासून दूर, तापलेलं भांडं धरावं तसं दोन्ही हातांनी धरून ती रस्त्याला लागली. लोक बाजूला होत होते. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका गृहस्थाने शर्टाकडे पाहिलं आणि नकळत स्वतःच्या कॉलरला हात लावला. हे चित्र कशाला न्यायचं, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. ती असलंच काढायची: माणसांनी अंगातून काढून टाकलेले कपडे. माणसं कधीच नाहीत. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला स्वेटर, खुंटीला अडकवलेला ॲप्रन, दाराआड लोळणारे मोजे. कुणी शिकवलं नव्हतं. चाळिशी उलटून गेल्यावर एका दुपारी घरात सगळ्यांचे पसरलेले कपडे गोळा करताना मुलीचं जाकीट तिच्या हातात आलं, आणि त्याच्या बाहीत मुलीचा कोपर अजून होता. मुलगी नव्हती, कोपर होता. ते जाकीट तिने धुवायला टाकलंच नाही. मुलीच्या जुन्या रंगांनी वहीच्या पुठ्ठ्यावर ते काढत बसली, आणि भात करपला. नवऱ्याने करपलेला भात खाल्ला आणि म्हणाला, छान आहे. भाताला म्हणाला की चित्राला, हे तिला आजतागायत समजलं नव्हतं. त्याचं सगळंच छान असायचं. हवा छान, भाजी छान, मुलीने निवडलेला मुलगा छान, एकदा तर कुणाच्या तरी अंत्ययात्रेहून येऊन तो म्हणाला होता की छान झालं सगळं. त्यात लबाडी नव्हती. पाण्याच्या खात्यात त्याने जन्मभर नळ नसलेल्या, नळ फुटलेल्या, नळातून गढूळ येणाऱ्या लोकांची गाऱ्हाणी ऐकली होती, घरी येऊन त्याला कशालाही वाईट म्हणायचं नव्हतं. हे तिला कळत होतं. तरी त्या शब्दाशी गाठ पडली की पावलं थबकायची, रस्ता संपून पाटी लागावी तशी.

काट्यावर ती पहिल्यांदा गेली तेव्हा खोली बघायला गेली होती, हातात पिशवी, पिशवीत गुंडाळलेली चित्रं, आणि मनात अशी भीती की आता कुणीतरी विचारणार, तुम्ही कुठे शिकलात. कुणी विचारलंच नाही. जिन्यात एक दांडगा माणूस उभा होता, भुवयांपासून बुटांपर्यंत प्लास्टरने पांढरा, आणि तो ओरडत होता, कुणाकडे डोळे आहेत का. तिला वाटलं, चष्मा हरवला असेल. "माझ्याकडे आहेत," ती म्हणाली, आणि त्याने दंडाला धरून तिला आत नेलं. आत टेबलावर एक पांढरा पाय होता, घोट्यापर्यंतचा. "बोला," तो म्हणाला. ती म्हणाली, "छान आहे." कोपऱ्यात चहा पीत बसलेली एक चष्मेवाली बाई उठली, तिच्या हातात भिजवलेल्या कपांचं घमेलं दिलं आणि नळ कुठे आहे ते दाखवलं. तीच बाइंडरबाई. पुस्तकं बांधायची, आणि इमारतही तिनेच बांधून ठेवली होती. काट्यावर छान म्हणायचं नाही. सुंदर, भारी, अप्रतिम, बरं, वाईट, काही म्हणायचं नाही. विशेषणं छत्रीबरोबर दाराबाहेर ठेवायची आणि आत येऊन फक्त दिसतं ते सांगायचं. ज्याच्या तोंडून निघेल त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. तिने कप धुतले. धुताना रडावं की हसावं ते तिला ठरवता येईना. हात पुसत ती परत आली, पायाकडे पुन्हा पाहिलं, आणि म्हणाली, "याचा अंगठा वर आहे. याला अजून निघायचंय, पण टाच निघून गेलीय." प्लास्टरवाल्याने पाय हातात घेतला, उलटा केला, आणि एक शब्द न बोलता टाच तासायला लागला. तिथे ती किती वेळ उभी होती कोण जाणे. घरी तिच्याकडे माणसं मीठ मागत, मोजे मागत, गाडीची किल्ली कुठे आहे ते विचारत. तिला दिसतं काय, हे इतक्या वर्षांत कुणी मागितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तिने खोली घेतली. खिडकी पश्चिमेला होती, चित्रकाराला नको त्या बाजूला. भिंतीला ओल होती, आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा दिवसभर फळीवर लोखंडी रूळ फिरवून घोड्यांची चित्रं छापत, त्याचा घरघराट सतत डोक्यावरून जायचा. पहिल्या आठवड्यात तिने कानांत कापूस घातला. मग कधीतरी कापूस पडला आणि तिने तो शोधला नाही.

तिथल्या माणसांचे कपडे तिला मिळायला लागले. मागावेही लागायचे नाहीत. प्लास्टरवाल्याचा ॲप्रन एवढा कडक झालेला असायचा की काढून ठेवला तरी जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभा राहायचा. आजोबा स्वेटर काढायचे तो आतली बाजू बाहेर, आणि तो तसाच दोन दिवस त्यांच्या खुर्चीवर हात वर करून शरण आल्यासारखा बसायचा. बाइंडरबाई काही देत नसे, पण एकदा घाईत ती रुमाल विसरली आणि त्यावर सरस पुसलेल्या चार बोटांच्या खुणा होत्या, त्या तिने दोन महिने काढल्या. कुणीही दार न वाजवता यायचं. डोळे दे, डोळे घे, रॉकेल आहे का, सुई आहे का, तुझा उजेड कधी जातो, माझ्याकडे बसू का. ती चिडायचीही खूप. एकदा तिने दाराला आतून कडी लावली, तर अर्ध्या तासाने प्लास्टरवाला खिडकीबाहेरच्या पत्र्यावरून विचारायला आला, "ताई, बरी आहेस ना?" इतकं करून त्या इमारतीत तिचं एकही चित्र असं झालं नव्हतं, ज्यात दुसऱ्या कुणाचं तरी एखादं वाक्य रंगाखाली गाडलेलं नव्हतं. हे लोकांना सांगता येत नाही. लोक विचारतात, एकटीने काम करायला निवांतपणा हवा असेल ना तुम्हाला?

नवऱ्यानेही हाच विचार केला होता, आणि प्रेमाने केला होता. निवृत्त झाल्यावर चारच दिवसांत त्याने गच्चीवर दोऱ्या आखल्या. अडगळीची खोली बांधतोय म्हणाला. भिंतींना गवंडी होता, पण लाकूडकाम सगळं त्याने स्वतः केलं, चुकत, शिकत, बोटांना पट्ट्या बांधत. उत्तरेला एवढी मोठी खिडकी पाहून ती म्हणाली होती, अडगळीला इतका उजेड कशाला, आणि तो गालात हसला होता. मग एक दिवस दार उघडून म्हणाला, "ये, अडगळ." तिच्या उंचीला नळ. ब्रश धुवायला उतरतं टेबल. भिंतीत खाचा, कॅनव्हास उभे ठेवायला. तिने कधी बोलूनही न दाखवलेली प्रत्येक गोष्ट त्याने कुठूनतरी पाहून ठेवली होती. ती हात फिरवत राहिली त्या खाचांवरून, आणि तिला खरंच भरून आलं, आज औषधाने आलं तसं नाही. म्हणून तर सोडवत नव्हतं. नावडती गोष्ट नाकारायला काय लागतं? गच्चीवर काम करायला लागल्यावर तिने त्याला म्हटलं, तुमचा एक शर्ट द्या काढायला. इतक्या वर्षांत त्याचं काहीच काढलं नव्हतं. तो खाली गेला आणि दुसऱ्या दिवशी शर्ट घेऊन आला: इस्त्री केलेला, बटणं लावलेली, हँगरवर. तिला हसू आलं. तो गेल्यावर तिने शर्ट काढून खुर्चीवर टाकला. तो घसरून खाली पडला. मुठीत धरून चुरगळला, तर त्या चुण्या तिच्या मुठीच्या निघाल्या. शेवटी तिने तो पुन्हा हँगरवर लावला आणि तसाच काढला. तीन आठवडे काढला. उजेड नेमका होता, शांतता नेमकी होती, प्रत्येक धागा जागच्या जागी होता, आणि चित्रात कुठेतरी दार बंद झाल्यासारखं वाटत होतं. कुठे, ते तिला दिसत नव्हतं.

बाइंडरबाई जिन्याच्या तोंडाशीच भेटली. हातात सरसाचं भांडं होतं, वाफ येत होती. तिने चित्राकडे पाहिलं नाही, हिच्या तोंडाकडे पाहिलं. "काही बोलायचं असेल तर बोलून टाक," ती म्हणाली, "सरस थांबत नाही माझ्यासाठी." बातमी पोचलेली दिसत होती. काट्यावर बातमी पत्र्यावरून चालत येते. पर्समध्ये किल्ली होती, तिचा हातही तिकडे गेला. पण हात गेला आणि तोंडातून वेगळंच निघालं. "डोळे देता का जरा?" बाइंडरबाईने सुस्कारा टाकला, जसा ती रोजच टाकायची, आणि वर मान करून हाक दिली. वरचा घरघराट थांबला. आजोबा भिंतीला धरून उतरले. प्लास्टरवाला हात झटकत आला आणि जिनाभर पांढरे ठसे उमटले. चौघं तिच्या खोलीत शिरली. अर्धी खोली आधीच खोक्यांत गेली होती, त्या खोक्यांकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं. ओला शर्ट तिने भिंतीला टेकवून ठेवला आणि आपण खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, पाठ करून, कारण डोळे देणाऱ्यांकडे बघायचं नसतं.

"बटणं लावलेली आहेत," आजोबा म्हणाले. "सगळी."

"खिसा रिकामाय," प्लास्टरवाला म्हणाला.

बाइंडरबाईच्या भांड्यात सरस ढवळल्याचा आवाज आला. आणि खाली गाडीचा हॉर्न वाजला, एकदाच, कुणाला त्रास होऊ नये असा आखूड. तिचा नवरा. तो नेहमी खालीच थांबायचा, गाडीत पेपर वाचत, तुमचं चालू दे म्हणून. आज सामान न्यायचं होतं, म्हणून वर आला. दाराशी येऊन त्याने टकटक केली, तेव्हा तिघांनीही एकदम वळून पाहिलं. त्या दारावर तो आवाज कुणी ऐकलेला नव्हता.

"या भावोजी, बरे वेळेवर आलात," प्लास्टरवाला म्हणाला. "डोळे द्या."

"मी?" तो हसला. चित्राकडे नजर टाकली. "हा सकाळीच पाहिला की मी. छान आहे."

ती खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. लग्नातल्या पंगतीत आपल्या माणसाने काहीतरी सांडावं आणि आपण दुसरीकडे बघत बसावं, तशी.

"कप धुवायला लागतील," बाइंडरबाई म्हणाली.

"कुठले कप?"

त्याला नियम सांगितला गेला. त्याने तो खात्याचं नवं परिपत्रक ऐकावं तसा नीट ऐकून घेतला. "बरं. मग, चांगला आहे."

"तेही नाही."

"म्हणजे वाईट आहे असं म्हणू?"

"वाईटही म्हणायचं नाही, भावोजी."

"अहो, मग उरलं काय?"

"तेच तर सांगा," आजोबा म्हणाले. "काय उरलंय ते."

आता ती वळली. नियम मोडून वळली. तिचा नवरा चित्रासमोर उभा होता, हात मागे बांधलेले, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे तो शब्द नव्हता. आयुष्यभर बरोबर असलेली काठी कुणी काढून घ्यावी तसा तो किंचित हलत होता. चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं, मग जागेवरून सरकलं, मग गेलं. तो वाकला. चष्मा वर केला, खाली केला. पाण्याच्या पाइपला कुठे पाझर आहे ते शोधायला तो असाच वाकायचा, हे तिला अचानक आठवलं, लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी एकदा त्याच्या कामावर डबा घेऊन गेली होती तेव्हाचं. खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसलेला एक बारीक तरुण, पाइपला कान लावून. तो तरुण कुठे गेला असं तिला मधल्या काळात कधीकधी वाटायचं. इथेच होता तर.

"हा माझा शर्ट आहे," तो म्हणाला. "इस्त्री माझी आहे. कॉलर मी दोनदा केली." थांबला. "पण यात मी नाहीये. मी हा घातलाच नव्हता. नवा आणला, धुतला आणि दिला. मला वाटलं, हिच्या चित्रात जायचंय तर..." बाकीचं वाक्य त्याने सोडून दिलं. मान वळवली, भिंतीवर अजून टांगलेल्या चित्रांकडे पाहिलं, ॲप्रनकडे, आजोबांच्या स्वेटरकडे. ही चित्रं त्याने पूर्वी घरी पाहिली होती, प्रत्येकाला छान म्हणून झालं होतं. "हा स्वेटर," तो हळूच म्हणाला, "यातून कुणीतरी आत्ता उठून गेलंय. परत येणार आहे. हा... हा ॲप्रन कुणाशी तरी भांडून आलाय." तो एकेका चित्रासमोर सरकत गेला. मग तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "ही सगळी इथली?"

"हो."

"आणि शर्ट गच्चीवरचा."

"हो."

आता बोलायला हवं होतं. "गच्चीवरची खोली फार..." ती म्हणाली आणि अडली. तीन चेहरे तिच्याकडे लागले होते. तिने पुन्हा सुरुवात केली. "तिथे उजेड येतो. वारा येतो. नळ माझ्या हाताशी येतो. तिथे कुणी येत नाही."

"मी येतो की चहा घेऊन."

"तुम्ही दार वाजवून येता हो."

तो यावर विचार करत राहिला. खरंच करत राहिला, आणि तिला त्याची इतकी माया आली की क्षणभर वाटलं, जाऊ दे, किल्ली देऊन टाकू. पण शब्द आधीच सुटला होता. "मी ही खोली सोडत नाही," ती म्हणाली. म्हटलं आणि ऐकलं. छाती अशी हलकी झाली की तिने खिडकीची चौकट धरली.

"मग ती मी बांधली कशाला?" त्याने विचारलं. रागाने नाही. पाण्याच्या खात्यातला माणूस विचारेल तसं, हे पाणी मग जातं कुठे.

तिच्या डोळ्यांसमोर आली ती ते बांधणं चालू असतानाची दुपार: भुवयांत भुसा अडकलेला तिचा नवरा, ओठांत खिळे, दाराच्या चौकटीला गाल लावून एका डोळ्याने तिरकं पाहणारा. रात्री उशीला डोकं टेकताच झोपणारा. "बांधताना तुम्ही शीळ घालत होता," ती म्हणाली.

"मी? मला शीळ येतच नाही."

"येत नाही. तरी घालत होता."

तो जवळ होती त्या खुर्चीवर बसला, बसल्या बसल्या डावीकडे कलला आणि पटकन दोन्ही पाय टेकवून सावरला. उठला. खुर्ची हलवून पाहिली. उलटी केली. "हिचा एक पाय आखूड आहे."

"पहिल्यापासून आखूडच आहे," प्लास्टरवाला म्हणाला. "त्यावर बसायचं तंत्र आहे एक."

"जमीन वाकडी असेल."

"काट्याची?" बाइंडरबाई चष्म्यावरून बघत म्हणाली. "इथे तराजू व्हायचे, साहेब. या जमिनीवर पाण्याचा थेंब टाकला तर कुठे जावं ते त्याला कळत नाही."

त्याने खिशातून पेन काढलं, जमिनीवर आडवं ठेवलं. पेन जागचं हललं नाही. तिघांकडे त्याने अशा आदराने पाहिलं, की जणू जमीन त्यांनीच घातली होती. मग पुन्हा खुर्चीकडे वळला, अंगठ्याने सांधा दाबला, आणि त्याच्या आवाजात काहीतरी बदललं. "पाचर मारून भागायचं नाही. पाय काढून नवा जोड द्यावा लागेल. किती दिवस बसताय तुम्ही यावर? पाठी कामातून जातील."

"माझ्याकडे एक आहे, तिची पाठच सुटलीय," आजोबा म्हणाले. "तिच्यावर मी घोड्यावर बसल्यासारखा उलटा बसतो."

"आणा बघू."

आजोबांची आली. प्लास्टरवाल्याची आली, ती लाकडाची होती की प्लास्टरची हे ओळखू येत नव्हतं. बाइंडरबाई माझं काही मोडलेलं नाही असं म्हणत गेली आणि हात निखळलेली एक उंच खुर्ची ओढत घेऊन आली, वरून म्हणाली, हिला मोडलेली म्हणत नाहीत, हिला सवय झालेली म्हणतात. तिचा नवरा गुडघ्यांवर बसून एकेकीची तपासणी करत होता, कोट काढून कुठेतरी टाकलेला, आणि जे दिसेल ते सांगत होता: इथे वाळवी येऊन गेलीय, इथे कुणीतरी खिळा मारून फसवलंय, ही खुर्ची नाहीच, हे दोन खुर्च्यांचं लग्न आहे. "गच्चीवर पकडी आहेत माझ्याकडे," तो मान वर न करता म्हणाला. "रंधा आहे. टेबलही उतरतं आहे, पण ते सरळ करता येईल. उजेड भरपूर आहे." मग एकदाच तिच्याकडे पाहिलं. "चालेल ना तुला?"

"नळ तेवढा माझ्या उंचीचा आहे," ती म्हणाली. "वाकावं लागेल तुम्हाला."

"वाकेन."

तिचं सामान न्यायला आलेल्या गाडीत खुर्च्या भरल्या गेल्या. दोन मागच्या सीटवर मावल्या, एक डिकीत, आणि बाइंडरबाईची उंच खुर्ची काही केल्या मावेना, तेव्हा तिचे पाय खिडकीतून बाहेर काढले. ती वर खिडकीतून बघत होती. पश्चिमेचा उजेड आता सगळाच्या सगळा तिच्या खोलीत होता, खोक्यांवर, रंगांच्या डब्यांवर, चित्रकाराला नको तसा पिवळा आणि आडवा. गाडी निघाली, थोडी गेली आणि कोपऱ्यावर थांबली. तिचा नवरा उतरला. बाहेर आलेल्या पायाकडे त्याने मान तिरपी करून पाहिलं, खिशातला रुमाल काढला, झटकला, आणि लांब सामानाला मागून बांधतात तसा त्या खुर्चीच्या पायाला बांधला. गाठ ओढून पाहिली. दोन पावलं मागे झाला, पुन्हा पाहिलं, आणि गाठ जरा सरकवली. मग तो फडफडता रुमाल वळणाआड गेला.

"अगं ए," खालून बाइंडरबाईचा आवाज आला, "सगळ्या गेल्या की. आता बसायचं कशावर?"

त्या संध्याकाळी काट्यावर सगळ्यांनी उभ्यानेच काम केलं, आणि तिने खोकी सोडली.